मिझाँ सेन

आमच्या सोसायटीत बंगाली कुटुंब एकही नाही. तरी बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर कोणी सेन राहतात, अशी इस्त्रीवाल्याची, पेपरवाल्याची आणि निम्म्या पोरासोरांची पक्की समजूत आहे. "सेन साहेबांचे तीन शर्ट, एक लेंगा," म्हणत इस्त्रीवाला गठ्ठा पुढे करतो आणि वहिनी मुकाट्यानं पैसे देतात. खरं आडनाव दारावर पितळी अक्षरांत आहे, पण पाटी वाचून बेल वाजवण्याचे दिवस गेले.

याची सुरुवात गणपतीत झाली. बारा-तेरा वर्षं झाली असतील. पोरांनी मंडपात थर्माकोलचा केदारनाथ उभा केला होता. आरतीच्या तोंडावर आमचा हा मित्र मखरासमोर आला. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून त्यानं एक चौकट केली, एक डोळा मिटून तिच्यातून बाप्पाकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाकी सगळं ठीक आहे रे, पण यात मिझाँसेन कुठंय?"

पुढच्या खुर्चीत ए विंगच्या आजी बसल्या होत्या. त्यांना तेव्हाही कमी ऐकू यायचं. त्या म्हणाल्या, "येतील की. लांबून यायचे असतील. थांबू दोन मिनिटं. कापूर नका रे पेटवू इतक्यात."

आणि आम्ही खरोखरच थांबलो. आजींचा शब्द सोसायटीत कोणी मोडत नाही. दोन मिनिटांनी आरती झाली आणि त्या रात्रीपासून तो मिझाँ सेन झाला. दुसरा एखादा चिडला असता, हा खूश झाला. मृणाल सेन, अपर्णा सेन आणि त्यांच्या शेजारच्या पाटावर आपण, अशी पंगत त्याला दिसली असावी.

मी आणि तो एकाच बँकेत, एकाच शाखेत, समोरासमोरच्या टेबलांवर बावीस वर्षं बसलो. त्या बावीस वर्षांत सिनेमाबद्दल त्याची दोनच मतं मी ऐकली. 'चांगलाय' आणि 'झोप आली'. मग आम्ही दोघांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. निवृत्त माणूस कुठंतरी नादाला लागतोच. कोणी नर्मदा परिक्रमा करतो, कोणी सकाळी सव्वानऊला शेअर बाजार उघडून बसतो. याला पेपरात चित्रपट रसास्वाद वर्गाची बातमी दिसली. मे महिन्यात बाकीचं पुणं आमरस ओरपत होतं, तेव्हा हा लॉ कॉलेज रोडवर जाऊन रसास्वाद घेत होता.

त्याच रस्त्यानं तो बँकेत यायचा, स्कूटरवरून. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून ज्या आवारात आली, त्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथून थोडं पुढे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, १९६४ सालचं. इतकी वर्षं यानं त्या फाटकांकडे कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. आता रोज तीन-तीन सिनेमे. 'बॅटलशिप पोटेमकिन', 'बायसिकल थीव्ज', 'राशोमोन', 'सिटिझन केन'. अंधारातून बाहेर यायचं, तिथल्या विस्डम ट्री नावाच्या झाडाखाली चहा प्यायचा, पुन्हा अंधारात जायचं. परत आला तेव्हा त्याच्या हातात दोनशे पानी वही होती.

ही वही मी जवळून पाहिली आहे. कर्ज विभागात आयुष्य गेलेल्या माणसाची वही ती. पानावर तांबडे उभे रकाने आखलेले. पहिल्या रकान्यात शब्द, दुसऱ्यात अर्थ, तिसऱ्यात 'जमा', म्हणजे तो शब्द कोणत्या तारखेला कोणाच्या व्याख्यानात मिळाला ते. चौथ्यात 'खर्च'. शब्द बोलण्यात वापरला की तिथं एक उभी रेघ, पाच झाल्या की आडवी. मोंताजच्या पुढे रेघांचं कुंपणच झालं होतं. मॅकगफिनच्या पुढे जेमतेम तीन. "हा पडून आहे," असं तो मला म्हणाला. बुडीत कर्जाबद्दल बोलताना त्याचा जो आवाज लागायचा, तोच आवाज.

पडून असलेला शब्द खर्ची घालायला बाहेर जावं लागत नाही. घर असतंच. मिझाँसेन म्हणजे चौकटीत मांडलेलं सगळं. जागा, उजेड, कपडे, वस्तू, माणसं कुठं उभी आहेत आणि कुठून कुठं जातात ते. शब्द फ्रेंच, मूळचा नाटकवाल्यांचा. हे कळल्यावर त्यानं बैठकीची खोली हलवली. सोफा पुढे, टीपॉय मध्ये, आणि मागं स्वयंपाकघराचं दार उघडं. पाहुणा, चहा आणि चहा करणाऱ्या वहिनी हे तिन्ही एकाच वेळी स्वच्छ दिसले पाहिजेत. याला डीप फोकस म्हणतात आणि १९४१ च्या 'सिटिझन केन'मध्ये ग्रेग टोलंड नावाच्या कॅमेरामननं त्याची कमाल केलेली आहे. केनमध्ये कॅमेरा इतका खाली लावलेला असतो की खोलीचं छतही दिसतं. म्हणून हा पाहुण्यांसमोर जमिनीवर बसायला लागला. एकदा त्यानं मलाही खाली बसवलं आणि विचारलं, "काय दिसतं?"

"ओल," मी म्हणालो. वरच्या मजल्यावरच्या मोरीची होती.

वहिनींनी हे सगळं कसं सोसलं, असं बायका विचारतात. सोसलं कुठं, त्यांनी ते वापरलं. एका रात्री त्यानं त्यांना कुलेशॉव्ह समजावून सांगितला. शंभर वर्षांपूर्वी रशियात या माणसानं एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला. त्या चेहऱ्यापुढे एकदा सुपाची थाळी जोडली, एकदा शवपेटीतली मुलगी, एकदा कोचावर रेललेली बाई. चेहरा तोच, पण लोक म्हणाले, वा, काय अभिनय आहे, भूक काय दाखवली, दुःख काय दाखवलं! म्हणजे अर्थ चेहऱ्यात नसतो, जोडणीत असतो.

वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडे बत्तीस वर्षं चाललंय हे. पुरणपोळी वाढली तरी हाच चेहरा, विजेचं बिल दाखवलं तरी हाच, आणि माझे भाऊ आले तरी हाच. अर्थ मीच जोडत आलेय."

मॅकगफिनचंही तसंच झालं. सगळी पात्रं जिच्यामागे धावतात, पण प्रेक्षकाला जिच्याशी काही देणंघेणं नसतं, अशी वस्तू म्हणजे मॅकगफिन. शब्द हिचकॉकनं गाजवलेला. "कळलं," वहिनी म्हणाल्या, "वाड्याचे कागद." आणि पुन्हा मालिकेकडे वळल्या. मी जन्मात इतकी नेमकी व्याख्या ऐकली नव्हती. मराठी पडद्यावर आजवर किती ट्रंका, किती कपाटं आणि किती म्हातारे त्या कागदांपायी उलथेपालथे झाले असतील! पण तो खट्टू झाला. शब्द त्यानं खर्च केला होता आणि मोबदला वहिनींनी घेतला होता. वहिनी मालिका बघताना पुढचं सगळं आधी सांगतात. मंगळसूत्र जवळून दाखवलं की ते तुटणार, देवघरातली समई दाखवली की घरात कोणीतरी येणार. त्यांची वही नाही.

आणखी एक सांगायला हवं. आमच्याकडची लिफ्ट बंद पडली की सगळे बिल्डरला शिव्या घालतात. हा जिन्याच्या तोंडाशी उभा राहून 'ओडेसा' म्हणतो. आयझेनस्टाइनच्या १९२५ च्या 'पोटेमकिन'मधला तो जिना. सैनिक खाली उतरतात, माणसं पडतात, बाळाची गाडी सुटते, आणि दोन मिनिटांचं उतरणं पडद्यावर संपता संपत नाही. काळ कसा ताणला बघ, असं तो मला सांगत होता, तेव्हा माझ्या खांद्यावर गॅसचं सिलिंडर होतं.

फ्रेंच शब्दांनी मात्र त्याला पुरता छळलाय. ते डोळ्यांना एक दिसतात आणि जिभेवर दुसरेच होतात. दिग्दर्शक हाच सिनेमाचा लेखक, ही भूमिका त्रुफोनं १९५४ मध्ये 'काहिए द्यू सिनेमा' या मासिकात मोठ्या तावातावानं मांडली आणि तिथून 'ओत्यर' हा शब्द जगभर गेला. आमच्यापर्यंत येईपर्यंत त्याचा ओतूर झाला होता. "ओतूर थिअरी फार महत्त्वाची आहे," असं तो पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मला वाटलं, जुन्नर तालुक्यात पाण्याचं काहीतरी निघालं. माझी आत्या ओतूरला असते, म्हणून मी दहा मिनिटं लक्ष देऊन ऐकलं. तसंच 'न्वार'. काळोखी गल्ल्या, पट्ट्यापट्ट्यांच्या सावल्या, पावसानं भिजलेले रस्ते आणि दगा देणारी बाई, अशा अमेरिकन सिनेमांना फ्रेंच समीक्षकांनी दिलेलं नाव. त्याच्या आईनं, त्या तेव्हा होत्या, पलंगावरून विचारलं, "नवार? अजून मिळते? मग माझा हा पलंग विणून घे बाबा एकदा."

मराठीत शब्द नाहीत का? आहेत. दिग्दर्शक, संकलन, चित्रपटगृह. यांतले बरेच सावरकरांच्या खात्यावर जमा आहेत आणि ते इतके रुळले की ते कोणी घडवले हेही आता कोणाच्या मनात येत नाही. पण मिझाँ सेनला रुळलेला शब्द चालत नाही. जो ऐकल्यावर समोरचा 'म्हणजे?' विचारत नाही तो शब्द त्याच्या मते मोडीत काढावा. त्याचं सगळं सुख त्या 'म्हणजे?'मध्ये आहे.

हा एकटा असता तर मी लिहायला बसलो नसतो. पुण्यात दरवर्षी आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, तेव्हा थिएटरबाहेरच्या रांगेत उभे राहा. खांद्याला कापडी पिशवी, गळ्यात पास, हातात वेळापत्रक आणि त्यावर तीन रंगांच्या खुणा, असे पन्नास मिझाँ सेन तिथं भेटतात. ते एकमेकांना 'काय पाहिलं' असं विचारत नाहीत, 'काय काय झालं' असं विचारतात. जणू लसी टोचून घेतल्यात. इराणी झाला, रुमानियन राहिलाय. सिनेमा संपून दिवे लागले की दाराशी पोहोचेपर्यंत प्रत्येकाला एक शब्द सापडावा लागतो. न सापडला तर तो माणूस 'विचार करायला हवा' म्हणतो आणि सरळ वडापावच्या गाडीकडे जातो.

भाचीच्या लग्नातला प्रसंग मात्र मी जन्मभर विसरणार नाही. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली. व्हिडिओवाला पोरगा वधूवरांच्या एका अंगाला उभा राहून शूटिंग करत होता, तो मध्येच वाकून दुसऱ्या अंगाला गेला. मिझाँ सेन अक्षता टाकायचे थांबले आणि ओरडले, "अरे, अॅक्सिस ओलांडलीस!"

गुरुजी दचकले. त्यांना वाटलं, मुहूर्ताचं काहीतरी चुकलं.

तसं त्याचं म्हणणं बरोबर होतं. समोरासमोरच्या दोन माणसांमधून एक रेघ जाते असं मानायचं आणि कॅमेरा त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेवायचा. बाजू बदललीत की पडद्यावर दोघांचीही तोंडं उलट दिशेला होतात. आधीचा नवरा आणि नंतरची नवरी शेजारी शेजारी जोडले, तर दोघं एकमेकांकडे न बघता एकाच दिशेला बघताना दिसतात. जणू दोघंही मंडपातून भटारखान्याकडे बघताहेत, जिलबी तळून झाली का ते. एकशेऐंशी अंशांचा नियम तो हाच. सावेदादांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. हा नियम त्यांना कोणी सांगितला नसणार, पण एकच कॅमेरा होता, बाजू बदलणार कुठून!

पोरगा मुळीच गडबडला नाही. कॅमेऱ्यावरून डोळा न काढता म्हणाला, "काका, त्या साइडला मुलीचे वडील रडायलेत. ते घ्यायचेत. तुम्ही जरा मागं व्हा, फ्रेममध्ये येताय."

पुढे कॅसेट आली, म्हणजे पेनड्राइव्ह आला. त्यात बापाचा तो चेहरा आहे. भाची दर वेळी तिथंच थांबवते. मिझाँ सेनही आहेत त्यात. तोंड उघडं, बोट वर, मुठीत अक्षता. अॅक्सिसकडे कोणाचंही लक्ष जात नाही.

आता वॉचमनमामा. सहा वर्षं ते आमच्या फाटकावर आहेत. मूळचे माणदेशातले. मिझाँ सेन रोज त्यांच्यासमोरून जायचा, 'काय मामा' म्हणायचा, पुढे जायचा. 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा महाराष्ट्रातल्या तंबू-सिनेमावरचा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात गाजला. तो यानं पाहिला, त्यावर मला दोन तास ऐकवलं, आणि ऐकवत ऐकवत मामांच्या खुर्चीवरून आत आला. मामा टुरिंग टॉकीजवर अठरा वर्षं ऑपरेटर होते, हे एका पावसाळी रात्री त्याला योगायोगानंच कळलं. वीज गेली होती आणि तो फाटकाशी उभा राहून मला जंप कट समजावत होता.

"गोदारचा 'ब्रेथलेस', १९६०," तो सांगत होता. "सिनेमा लांबला. कापायचा तर होता. मग त्यानं अख्खे प्रसंग काढायच्या ऐवजी शॉटच्या मधलेच तुकडे काढले. बाई गाडीत बसलीय, मान इकडे, एकदम मान तिकडे. मागचा रस्ता बदललेला. जग हादरलं!"

मामा बिडी विझवून म्हणाले, "त्यात काय हादरायचं, साहेब? आमी रोज करायचो."

"काय करायचात?"

"हेच. रीळ जुनं असायचं. कडंची भोकं फाटलेली. मशिनीत अडाकलं की कार्बनच्या धगीनं मधलं जळायचं. पडद्यावर फोड आल्यावानी दिसायचं. मग दिवा बंद करायचा, जळालेलं कापायचं, दोन टोकं ब्लेडनं घासायची, सिमेंट लावायचं, अंगठ्यानं दाबून धरायचं, आन् चालू. हिरो दारात असायचा, त्यो एकदम खाटंवर."

"किती फ्रेम कापायचात?" मिझाँ सेनचा आवाज बारीक झाला होता.

"मोजतंय कोन! भायेर पब्लिक शिट्ट्या मारतंय, एखादा दगूड बी येतोय."

"आणि लोकांना खटकायचं नाही? हिरो दारातून एकदम खाटेवर?"

"न्हाई. दारातनं खाटंवरच जानार की त्यो. दुसरीकडं कुटं जातोय?" मामांनी जरा विचार केला. "गानं कापलं तर मातूर खटकायचं. मग मारायलाच उठायची."

मिझाँ सेन खाली पायरीवर बसला. डीप फोकससाठी नव्हे, नुसताच बसला. मग त्यानं प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटं चालतं हे त्याला पाठ होतं, पण ते किती जड असतं ते ठाऊक नव्हतं. रीळ बदलायची वेळ झाली की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका चमकतो, त्याचं इंग्रजी नाव त्याच्या वहीत होतं. मामांना नाव ठाऊक नव्हतं, पण ते म्हणाले, त्या ठिपक्यानं आयुष्यभराची सवय लावली. अजूनही टीव्ही बघताना डोळा उजव्या कोपऱ्यात जातो. म्हसवडच्या जत्रेत दुसऱ्या खेळाला उशीर झाला की मधलं एक रीळ ते सरळ गाळायचे.

"म्हणजे मामा, तुम्ही एडिटर होता!"

"न्हाई साहेब. ऑपरेटर. एडिटरचं नाव पाटीत येतं."

दुसऱ्या दिवशी मी वही बघितली. जंप कटच्या पुढे 'जमा'च्या रकान्यात गोदार होता, त्याखाली वेगळ्या शाईत 'वॉचमनमामा, म्हसवड' असं लिहिलेलं होतं.

मला त्याची थट्टा करायचा हक्क आहे असं मी धरून चालतो. पण त्याचे दोन-तीन शब्द माझ्याही अंगाला चिकटलेत हे लपवण्यात अर्थ नाही. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' आम्ही दोघांनी थिएटरात पाहिला. शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते, माणसं बाहेर पडतात, शिपाई एकेक दिवा बंद करतो आणि पडदा काळा होतो. काळाच राहतो. लोक उठले. चपला शोधायला लागले. मीही उठलो. यानं माझा शर्ट धरून खाली खेचलं आणि कानात म्हणाला, "बस. शॉट संपलेला नाही. हा कॅमेरा घाईनं उठणारा नाही." अख्ख्या सिनेमात कॅमेरा एका जागी किती वेळ बसून राहतो हे तो आधीपासून मोजत होता. मग उजेड झाला आणि सहलीला गेलेले न्यायाधीश महाराज दिसले. जे दाराशी पोहोचले होते ते उभ्यानं बघत राहिले. बसून पाहणाऱ्यांत मी होतो, त्याच्या लाँग टेकच्या कृपेनं. 'फँड्री'च्या शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्यावर. मी नुसताच दचकलो असतो. याच्या 'चौथी भिंत' या दोन शब्दांमुळे मी दोन दिवस विचार करत राहिलो की ती भिंत नेमकी कोणाची, आणि तिच्या अलीकडे मी कधीपासून बसलोय.

हे त्याला मी सांगितलेलं नाही. सांगितलं की तो वहीत रेघ मारेल.

आता गच्चीचं सांगतो. सोसायटीनं महिन्यातून एकदा गच्चीवर सिनेमा दाखवायचं ठरवलं आणि अर्थातच ते काम याच्याकडे आलं. पहिला सिनेमा 'संत तुकाराम', १९३६, दामले-फत्तेलाल, प्रभात. प्रोजेक्टर भाड्यानं आणला, पडद्याला वहिनींची डबलबेडची पांढरी चादर. आठला सुरू होणार होता. आठ वाजता मिझाँ सेन उभे राहिले. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा कसा गौरव झाला इथून सुरुवात झाली आणि आठ चाळीसला ते इटलीतच होते. भेळ मऊ पडली. छोटी पोरं सतरंजीवर झोपली. मोठी पोरं जिन्यात जाऊन मोबाइल बघायला लागली.

सिनेमा सुरू झाला तरी सुटका नव्हती, कारण रिमोट त्याच्या हातात होता. विष्णुपंत पागनीस पडद्यावर आले की पॉज. गौरीबाईंची जिजाई आली की पॉज. आजी पहिल्या रांगेत, शाल पांघरून, पडद्याला नाक लावून बसल्या होत्या. सिनेमा पुढे गेला. जिजाईचं पोर आजारी पडलं, तिला संताप आला. नवरा ज्याच्या नादी लागला त्या विठोबालाच जाब विचारायला ती पायातली वहाण हातात घेऊन देवळात शिरली. आणि नेमका तिथं पॉज.

"इथं चौकट बघा," मिझाँ सेन पुढे आले. त्यांची सावली विठोबावर पडली. "देव कुठं ठेवलाय, ती कुठं उभी आहे, मधली जागा किती आहे. यालाच म्हणतात..."

पाच मिनिटं झाली. सात झाली. चादरीवर जिजाई वहाण घेऊन तशीच उभी. वारा आला की तिचा हात हलायचा.

आजी म्हणाल्या, "अहो सेन, सोडा आता तिला. हात भरून आला असेल तिचा. आणि पोराला ताप आहे."

गच्चीवर कोणी हसलं नाही. मिझाँ सेननी चादरीकडे पाहिलं. मग रिमोट दाबला आणि खाली बसला. त्यानंतर त्यानं एकदाही थांबवलं नाही. शेवटी तुकोबा विमानातून वैकुंठाला गेले, जिजाई खालीच राहिली, आणि आजी शाल सावरत उठल्या. "गेला एकदाचा," त्या कोणाला उद्देशून नव्हे अशा म्हणाल्या. "हिला आता म्हशीचं बघायचंय."

पुढच्या सभेत ठराव झाला. मिझाँ सेन स्वतः सभेला हजर होते आणि ठरावाच्या बाजूनं त्यांनी हात वर केला, हे इतिवृत्तात आहे. फळ्यावर नोटीस लागली ती अशी: 'शनिवारी रात्री ८ वाजता गच्चीवर चित्रपट "कुंकू" (१९३७). प्रास्ताविक चित्रपट संपल्यानंतर होईल. रिमोट सचिवांकडे राहील. खुर्ची आपापली आणावी.'

'कुंकू' शांतारामबापूंचा. नीरेला फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधतात आणि ती ते लग्न मानायला नकार देते. शांता आपटेंनी ती नीरा अशी उभी केलीय की पोरं जिन्यातून आपण होऊन परत आली. कोणी थांबवलं नाही, कोणी समजावलं नाही. सिनेमा संपला, दिवा लागला, लोक खुर्च्या घड्या घालून खाली गेले. प्रास्ताविकाला आम्ही पाच जण उरलो. मी, वहिनी, वॉचमनमामा, झोपलेल्या पोराला उचलायचा कंटाळा आलेले एक वडील, आणि आजी.

मिझाँ सेन उभा राहिला. वही उघडली. पडद्यावरच्या माणसांनाही जो आवाज ऐकू येतो तो डायजेटिक, आणि जो फक्त आपल्याला ऐकू येतो, उदाहरणार्थ पार्श्वसंगीत, तो नाही, असं त्यानं सांगितलं. मग म्हणाला, शांतारामबापूंनी १९३७ मध्ये, बोलपट येऊन सहा वर्षं झालेली असताना, या सिनेमात पार्श्वसंगीत वापरलंच नाही. त्या घरात जे आवाज असतील तेवढेच. गाण्याला साथ हवी तर ती फोनोग्राफच्या तबकडीची. वरून ओतलेलं काही नाही. बोलताना त्याचा गळा जरा दाटला. खरं सांगतो, त्या रात्री तो फार चांगलं बोलला, आणि सात मिनिटांत आटोपलं.

आजी कानामागे हात धरून ऐकत होत्या. मी जवळ जाऊन मोठ्यानं सांगितलं, "आजी, ते म्हणताहेत, या सिनेमात पार्श्वसंगीत नव्हतं."

"मला पंधरा वर्षं कुठल्याच सिनेमात नसतं," आजी म्हणाल्या. "पुढचा शनिवार कधी?"